टीव्हीच्या पडद्यावर पिन नको : रिझर्व्ह बँक आणि एनपीसीआय यांना खुले पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
मा. व्यवस्थापकीय संचालक, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (एनपीसीआय), मुंबई

विषय : घरातील टीव्ही संचातून होणाऱ्या पैशांच्या व्यवहारांसाठी, ही सेवा घरोघरी पोहोचण्यापूर्वी, स्पष्ट नियम करण्याबाबत

स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत भरलेल्या ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये यूपीआयच्या काही नव्या सोयी जाहीर झाल्या. मोटारगाडी, अंगावर वागवायची उपकरणे आणि घरातला स्मार्ट टीव्ही अशा इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंमधून, दर वेळी मोबाइल हाती न घेता, थेट पैसे देता यावेत ही त्यांतली एक. त्या घोषणेनंतर सोयीचे कौतुक पुष्कळ वाचायला मिळाले; परंतु टीव्हीतून चुकीने किंवा फसवणुकीने पैसे गेले तर ते कोणाच्या माथी, हे साध्या खातेदाराला कळेल अशा भाषेत सांगणारा मजकूर माझ्या वाचनात आला नाही. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे, आणि ते उघड लिहीत आहे, कारण ज्यांच्या घरात टीव्ही आहे त्यांनीही ते वाचायला हवे.

मी सांगली जिल्ह्यातील एका नागरी सहकारी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची वर्षे खातेदारांच्या तक्रारी सोडवण्यात गेली आणि ती सवय अजून सुटलेली नाही. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मी आठवड्यातून एकदा बसते; लोक पासबुक, बँकेचे एसएमएस, कधी नुसताच मोबाइल घेऊन येतात आणि ‘हे पैसे कशाचे गेले ते बघा’ म्हणतात. अलीकडे या प्रश्नाचा माग काढता काढता मी बऱ्याचदा टीव्हीपाशी जाऊन पोहोचते. मोफत महिना संपल्यावर सुरू झालेली सिनेमाच्या ॲपची वर्गणी, डिशच्या शिलकीतून रोज थोडी थोडी कापली जाणारी भजनाच्या किंवा पाककृतींच्या सेवेची रक्कम, नातवाने टीव्हीवरच्या खेळात विकत घेतलेली ‘नाणी’. रकमा लहान असतात, आणि नेमकी तीच अडचण आहे. ९९ रुपयांसाठी बँकेच्या लोकपालाकडे कोण जाणार? माणूस चडफडतो आणि सोडून देतो. त्यामुळे या तक्रारी आपल्या दप्तरी फारशा दिसत नसतील, तर तो त्या नसल्याचा पुरावा समजू नये.

टीव्हीवरून पैसे देताच येऊ नयेत, असे माझे म्हणणे नाही. गुडघे धरलेल्या माणसाला वीजबिल टीव्हीसमोर बसून भरता आले, तर ते मला हवेच आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की टीव्ही हा घराचा असतो आणि खाते एका व्यक्तीचे असते. आपली आजवरची सगळी सुरक्षाव्यवस्था ज्या गृहीतकावर उभी आहे, ते टीव्हीपाशी आले की लागू राहत नाही.

हे गृहीतक कोणते, ते थोडे तपशिलात मांडते. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरच्या कार्डव्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. २०१४ मध्ये काही जण व्यवहार परदेशी बँकेमार्फत वळवून ती पडताळणी चुकवू लागले, तेव्हा आपण त्यांना मुदत घालून थांबवले. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराने ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक स्वतःकडे साठवणे बंद झाले. यूपीआयने याहून पुढची पायरी गाठली : ॲप सुरू करतानाच फोनमधल्या सिमवरून एक संदेश जातो, त्यातून तो क्रमांक आणि तो फोन यांची गाठ खात्याशी बांधली जाते, आणि पिन टाकण्याचे पान यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्याच प्रणालीचे असते, म्हणजे ज्या ॲपमधून आपण पैसे देतो त्यालाही तो पिन दिसत नाही. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले, ते या बांधणीवर लोकांचा विश्वास बसला म्हणूनच. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला याचा अभिमान वाटतो, मलाही आहे.

पण या सगळ्यामागे एक गोष्ट धरून चाललेली आहे : फोन ज्याच्या हातात, तोच बहुधा खात्याचा धनी. फोनला कुलूप असते, तो खिशात असतो, उशाशी असतो. टीव्हीला यातले काहीच नाही. त्याला सिम नाही, पडद्याला कुलूप नाही, आणि रिमोट ज्याच्या हाताला लागेल त्याचा. साध्या इन्फ्रारेड रिमोटमधून फक्त दाबलेल्या बटणाचा संकेत जातो. ते बटण आजोबांनी दाबले, पाहुण्यांच्या मुलाने दाबले की केबल दुरुस्तीला आलेल्या माणसाने, हे संचाला कळण्याचा काही मार्ग नसतो. टीव्हीसमोरची जागा म्हणजे पूर्वीच्या घराची ओसरी आहे, येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथे टेकतो. आणि तिजोरी ओसरीवर ठेवण्याची रीत आपल्याकडे कधीच नव्हती.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार नियमांतल्या मोकळ्या जागेची. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल देयकांच्या सुरक्षेविषयी जे सविस्तर निर्देश काढले, त्यांत इंटरनेट बँकिंग, मोबाइल ॲप आणि कार्ड यांची स्वतंत्र प्रकरणे होती. टीव्हीचे प्रकरण नव्हते. त्या वेळी त्याची गरजही नव्हती. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी, जे १ एप्रिल २०२६ पासून लागू होण्याचे ठरले, पडताळणीचे किमान दोन वेगवेगळे घटक मागितले आहेत : ग्राहकाजवळ असलेली वस्तू, ग्राहकाला ठाऊक असलेली गोष्ट, ग्राहकाच्या शरीराची खूण, यांपैकी कोणतेही दोन. निर्देश चांगले आहेत. प्रश्न असा आहे की जोडलेला टीव्ही ही ‘ग्राहकाजवळ असलेली वस्तू’ म्हणून उद्या कोणी दाखवली, तर आपण ती मान्य करणार का? सहा माणसांच्या घरात ती वस्तू सहाही जणांजवळ असते. ती मान्य केली तर दोन घटकांपैकी एक कागदावरच उरेल, आणि सगळा भार चार किंवा सहा आकडी पिनावर येऊन पडेल.

त्या पिनाचे टीव्हीवर काय होते, ही दुसरी तक्रार. रिमोटने आकडे भरायचे म्हणजे पडद्यावर आकड्यांची पाटी उमटते आणि निवडलेला चौकोन एका आकड्यावरून दुसऱ्यावर सरकताना खोलीतल्या सगळ्यांना दिसतो. भरलेल्या आकड्याच्या जागी ठिपका दाखवून काही साधत नाही, कारण आकडा निवडताना तो दिसलेलाच असतो. ४३ इंची पडद्यावर आणि तेही आरामात बाजेवर बसून, रिमोटचा एक एक बाण दाबत. बँकेच्या एटीएमवर आम्ही वर्षानुवर्षे ‘पिन टाकताना हात आडवा धरा’ असे फलक लावले. आता तोच पिन दिवाणखान्यात चारचौघांसमोर टाकायला लावणार असू, तर ते फलक काढून ठेवावे लागतील. एटीएमचा पिन कळून चोराला कार्डही लागे. इथे यूपीआयचा पिन कळलेला माणूस घरातलाच असेल आणि फोनही त्याच घरात चार्जिंगला लावलेला असेल. ज्येष्ठांच्या खात्यातून पैसे काढणारे अनोळखीच असतात असे नाही. हे बोलायला अवघड आहे, पण तक्रार-विभागात काम केलेल्या कोणालाही ते ठाऊक असते.

तिसरी गोष्ट आवाजाची. रिमोटमध्ये माइक आले आहेत आणि बोलून पैसे देण्याची सोय यूपीआयमध्ये २०२३ पासून आणली गेली आहे. टीव्हीच्या बाबतीत आवाजावर भिस्त ठेवण्यात एक विचित्र अडचण आहे, ती म्हणजे टीव्ही स्वतःच दिवसभर बोलत असतो. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत डॅलसमधल्या एका सहा वर्षांच्या मुलीने घरातल्या बोलक्या उपकरणाकडे बाहुलीघर मागितले आणि ते खरोखर घरपोच आले. सॅन दिएगोच्या एका वाहिनीवर ही बातमी सांगताना निवेदकाने तेच वाक्य उच्चारले, तर ती बातमी पाहणाऱ्यांच्या घरांतली उपकरणेही बाहुलीघर मागवायच्या खटपटीला लागली. त्यावर लोक हसले. खात्यातून पैसे जाऊ लागले की कोणी हसणार नाही.

चौथी तक्रार आवर्ती वसुलीची. तिच्यावर मी अधिक लिहिणार आहे, कारण आमच्याकडे येणारी बहुतेक प्रकरणे हीच असतात.

ठरावीक काळाने आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी आपण २०१९ मध्ये चौकट आखली आणि ऑक्टोबर २०२१ पासून ती कसोशीने लागू केली. पहिली परवानगी पूर्ण पडताळणीने, प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना, आणि कधीही परवानगी मागे घेण्याचा हक्क. पुढे जून २०२२ मध्ये पडताळणीशिवाय कापता येणारी रक्कम ५,००० वरून १५,००० रुपये झाली. चौकट नीट वाचली तर तिच्यात खोट काढायला फारशी जागा नाही. परंतु २४ तास आधीची ती सूचना कोठे जाते? खात्याला जोडलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर. टीव्ही पाहणारी आई मिरजेत, तिच्या टीव्हीवरचे ॲप मुलाच्या नावावर, मुलगा पुण्यात किंवा बंगळूरूला, आणि त्याच्या फोनवर दिवसाला येणाऱ्या शेकडो संदेशांत ही एक ओळ. ज्याला सूचना मिळते त्याला टीव्हीवर काय चालू आहे ते माहीत नसते आणि जिला माहीत असते तिला सूचना मिळत नाही. मुलगा परदेशात असेल तर आणखी एक गुंतागुंत होते : तो प्रेमाने आईच्या टीव्हीवर आपले तिकडचे कार्ड जोडून देतो, आणि परदेशात दिलेल्या कार्डाला आपली ओटीपीची सक्ती लागू नसते. घर सांगली जिल्ह्यातले, रिमोट सांगली जिल्ह्यातला, पण रिझर्व्ह बँकेचे संरक्षण त्या व्यवहाराला नाही. हे सगळे आपण एका परिपत्रकाने सोडवावे असे मी म्हणणार नाही. जे भारतातल्या खात्यांतून जाते, तेवढ्याचे तरी करावे.

मोफत महिन्याचा प्रकारही याच्याच जवळचा. परवानगी घेण्याचे पान टीव्हीवर इंग्रजीत येते, ‘पुढे’ हे बटण ठळक आणि ‘नको’ हे शब्द फिकट अक्षरांत कोपऱ्यात असतात, आणि वर्गणी बंद करायची झाली तर टीव्हीवर ती सोयच नसते, संगणकावर जा असे सांगितले जाते. ज्या घरात संगणक नाही त्यांनी काय करावे? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे जे १३ प्रकार बेकायदा ठरवले, त्यांत वर्गणीच्या सापळ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कायदा आहे. पण पैसे वळते करणारी यंत्रणा आपली आहे, आणि ज्याच्या मांडणीत हा सापळा आहे त्याला आवर्ती वसुलीची परवानगी न देणे हे प्राधिकरणापेक्षा आपल्याला सोपे आहे.

डिशच्या शिलकीचा विषय आपल्या कक्षेत येत नाही, तो दूरसंचार नियामकाचा, असे उत्तर मला मिळू शकेल. तेव्हा त्या नियामकाने काय केले होते, याची आठवण देते. मोबाइलवर न मागितलेले कॉलरट्यून आणि ज्योतिषाचे संदेश सुरू करून शिलकीतून पैसे कापण्याचा धंदा जोरात होता, तेव्हा जुलै २०१३ मध्ये ट्रायने आदेश काढला की ग्राहकाने दोनदा होकार दिल्याशिवाय अशी कोणतीही सेवा सुरू करता येणार नाही आणि ती बंद करण्यासाठी १५५२२३ हा एकच क्रमांक राहील. दोनदा होकार, दुसरा होकार वेगळ्या संदेशाने. इतका साधा उपाय होता तो. टीव्हीच्या पडद्यावरच्या प्रत्येक सशुल्क सेवेला, मग पैसे डिशच्या शिलकीतून जावोत की बँकेतून, तेवढाच साधा उपाय लागू करायला काय हरकत आहे? दोन नियामकांनी एकत्र बसावे लागेल, एवढेच.

पाचवी तक्रार संचाच्या आतल्या सॉफ्टवेअरची. फोन माणूस तीन-चार वर्षांत बदलतो. टीव्ही बिघडेपर्यंत भिंतीवर राहतो, आणि त्याला कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच्या किती तरी आधी थांबतात. त्या केव्हा थांबल्या हे ग्राहकाला कोणी कळवत नाही, कारण चित्र तर स्वच्छ दिसत असते. त्याहून वाईट अवस्था स्वस्त अँड्रॉइड बॉक्सची आहे. जुना टीव्ही ‘स्मार्ट’ करण्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या खोक्यांत कारखान्यातूनच घातकी सॉफ्टवेअर भरलेले आढळल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉक्टर वेब या सुरक्षा कंपनीने ‘व्हॉइड’ नावाच्या अशा घुसखोरीची माहिती दिली, तेव्हा १९७ देशांतले सुमारे १३ लाख बॉक्स तिच्या तावडीत होते. ‘बॅडबॉक्स २.०’ या दुसऱ्या जाळ्याबद्दल जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला. पुढच्याच महिन्यात गूगलने त्या टोळीवर दावा लावला, त्यात बाधित उपकरणांची संख्या एक कोटीच्या वर सांगितली आहे. असल्या खोक्यावर पैसे देण्याचे ॲप चालू देणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्याकडे टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स यांना मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते, पण ती मुख्यतः विजेच्या सुरक्षिततेची : शॉक बसू नये, आग लागू नये. आतल्या सॉफ्टवेअरकडे ती पाहत नाही. सरकारला हे करता येत नाही असे मात्र नाही. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी एप्रिल २०२४ मध्ये याच नोंदणीत सायबर सुरक्षेच्या अटी घातल्या गेल्या. रस्त्याकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याला जी कसोटी लावली, ती खात्यातले पैसे वळते करणाऱ्या टीव्हीला लावायला नको का? ब्रिटनने २०२२ मध्ये कायदा करून २९ एप्रिल २०२४ पासून तो अमलात आणला. तिथे इंटरनेटला जोडता येणारी घरगुती वस्तू, स्मार्ट टीव्हीसकट, विकताना तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या निदान कोणत्या तारखेपर्यंत मिळतील हे जाहीर करावेच लागते. आपल्याकडे टीव्हीच्या वेष्टनावर वॉरंटीची मुदत असते, ही तारीख नसते.

सहावी तक्रार पडद्यावरच्या क्यूआर कोडची, थोडक्यात. टीव्हीवर कोड दाखवायचा आणि फोनने तो टिपून फोनवरच पिन टाकायचा, ही पद्धत आजच्या सर्व पद्धतींत मला सर्वांत सुरक्षित वाटते. परंतु आता कोड बातम्यांच्या पट्टीत, जाहिरातीत, स्थानिक केबलवाहिनीवरच्या देणगीच्या आवाहनात, कुठेही झळकतो आणि तो खरा कोणाचा हे पाहणाऱ्याला कळत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये यूपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीतच सही केलेल्या क्यूआरची, म्हणजे कोड खरा कोणाचा हे ॲपला तपासता येईल अशा डिजिटल सहीच्या कोडची, तरतूद झालेली आहे. मग टीव्हीवरच्या देयकांना ती सक्तीची का नसावी?

सातवी, आणि ही मला दर दिवाळीत आठवते : जुना टीव्ही बदलून नवा घेण्याच्या योजना. दुकानदार जुना संच उचलून नेतो, त्याबरोबर त्यातली सगळी खातीही जातात. कोणी पुसून देत नाही, कोणी विचारत नाही. भाड्याच्या घरात आणि सुट्टीला राहायला गेलेल्या लॉजवर टीव्हीत आपले खाते उघडून तसेच ठेवून येणारे तर असंख्य आहेत. आज त्यातून फार तर दुसऱ्याच्या वर्गणीवर कोणी मालिका पाहील. टीव्ही यूपीआयला जोडला गेल्यावर एवढ्यावर भागणार नाही.

आणि शेवटची तक्रार जबाबदारीची, जी मला सर्वांत गंभीर वाटते. जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या दायित्वाची मर्यादा ठरवून दिली. डिसेंबर २०१७ मध्ये तीच तत्त्वे आम्हा सहकारी बँकांना लागू झाली, आणि मी ती चौकट कितीतरी खातेदारांना समजावून सांगितली आहे. बँकेची चूक असेल तर ग्राहकाचे नुकसान शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तरी शून्य. मात्र ग्राहकाने निष्काळजीपणा केला, पिन कोणाला सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. आता टीव्हीकडे या. संच ग्राहकाचा, त्यानेच जोडलेला. पिन खोलीतल्या चौघांसमोर पडद्यावर टाकलेला. बटण नातवाने दाबलेले. हा ‘अनधिकृत व्यवहार’ की ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’? मी बँकेच्या खुर्चीत बसलेली आहे, म्हणून सांगते : जिथे नियम गप्प असतो, तिथे खालचा अधिकारी स्वतःच्या बँकेला सोयीचा अर्थ लावतो. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा करणेही बरोबर नाही. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत म्हटले आहे की ते न पाळता व्यवहार झाला आणि नुकसान झाले, तर बँकेने काहीही कुरबुर न करता पूर्ण भरपाई द्यावी. वाक्य चोख आहे. पण टीव्हीच्या बाबतीत ‘पाळणे’ म्हणजे नेमके काय, हे लिहिलेले नसेल तर ‘न पाळणे’ सिद्ध कसे करणार?

टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेच्या २०२० च्या अंदाजानुसार देशातल्या २१ कोटी घरांत टीव्ही आहे. त्यांतले सगळे स्मार्ट नाहीत, पण नवा घेताना दुसरा मिळणेही आता कठीण झाले आहे. म्हणून ही घाई.

आमच्या मागण्या अशा आहेत.

यूपीआयचा पिन टीव्हीच्या पडद्यावर टाकायला लावणारी कोणतीही रचना मान्य करू नये. मागणी टीव्हीवरून निघावी, मंजुरी खातेदाराच्या नोंदलेल्या फोनवरच व्हावी. यासाठी नवे काही शोधावे लागणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आणलेल्या यूपीआय सर्कलमध्ये अंशतः अधिकार देण्याची पद्धत आहेच : दुय्यम वापरकर्ता व्यवहार सुरू करतो आणि मुख्य खातेदार आपल्या फोनवर पिन टाकून तो पुरा करतो. टीव्हीला हेच स्थान द्यावे, त्याच्या वर नाही. त्याच योजनेतला पूर्ण अधिकार, ज्यात महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत पिनाशिवाय खर्च करता येतो, तो टीव्हीला मुळीच देऊ नये. सामायिक वस्तूला मुखत्यारपत्र देता येत नाही. त्यातूनही काही किरकोळ रक्कम पिनाशिवाय जाऊ द्यायचीच असेल, तर ती मर्यादा खातेदाराने स्वतः फोनवर ठरवावी आणि ठरवली नाही तर ती शून्य धरावी. आवाज हा पडताळणीचा घटक म्हणून टीव्हीवर मानू नये.

टीव्हीवरून घेतलेल्या आवर्ती परवानगीसाठी दुसरा होकार फोनवर घ्यावा. मोफत कालावधी संपताना नवा होकार मिळाल्याशिवाय पहिली वसुली होऊ नये. जिथून वर्गणी सुरू करता येते तिथूनच, तितक्याच बटणांत, ती बंद करता यावी. २४ तास आधीची सूचना त्या टीव्हीच्या पडद्यावरही दिसावी, आणि खातेदाराने सांगितल्यास घरातल्या आणखी एका क्रमांकावर जावी. परवानगीचे पान ग्राहकाने निवडलेल्या भाषेत असावे. बँकेच्या शाखेत तीन भाषांचे फलक लावायला लावणाऱ्या आपल्याला ही अट नवी नाही.

ज्या संचाला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबले आहे त्यावर, आणि प्रमाणित नसलेल्या कोणत्याही बॉक्सवर, पैसे देण्याची सोय आपोआप बंद व्हावी. टीव्हीच्या वेष्टनावर दुरुस्त्यांची अखेरची तारीख छापण्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय आणि मानक ब्यूरो यांच्याकडे आपण लेखी शिफारस करावी. टीव्हीवरच्या देयकांचा क्यूआर सही केलेला, रक्कम आणि नाव भरलेला आणि काही मिनिटांत निरुपयोगी होणारा असावा. आपल्या खात्याला कोणकोणते टीव्ही जोडलेले आहेत, ते प्रत्येक यूपीआय ॲपमध्ये एका जागी दिसावे आणि तिथल्या तिथे तोडता यावे. तीन महिने न वापरलेली जोडणी आपोआप सुटावी.

आणि जबाबदारीविषयी लेखी, उदाहरणांसह स्पष्टीकरण काढावे : फोनवरची मंजुरी नसताना टीव्हीतून गेलेला पैसा हा अनधिकृत व्यवहारच मानावा, रिमोट कोणाच्या हातात होता हे सिद्ध करण्याचा बोजा ग्राहकावर टाकू नये. ५०० रुपयांखालच्या अशा तक्रारींसाठी लोकपालाच्या आधीची, फोनवर निकाली निघणारी एक सोपी पायरी असावी.

हे नियम सेवा घरोघरी पोहोचण्याआधी यावेत, मसुदा लोकांपुढे ठेवून यावेत, आणि तो मसुदा मराठीसह सर्व प्रादेशिक भाषांत असावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून आपण व्यक्तीव्यक्तींमधली पैसे मागण्याची सोय, फसवणूक होते म्हणून, यूपीआयवरून काढूनच टाकली. ती सोयही सुरू करताना सोयीस्करच वाटली होती. त्याच महिन्यात टीव्हीची घोषणा झाली, हा योगायोग मला थोडा खटकतो, पण त्या निर्णयाने एवढे दाखवले की आपण ठरवले तर सोयीपेक्षा सुरक्षेला वर ठेवता.

आमच्याकडे आलेल्या तक्रारी ज्यांच्याविरुद्ध आहेत, अशा कोणा कंपनीचे किंवा बँकेचे नाव मी या पत्रात घेतलेले नाही. आमच्या संघाकडे आलेल्या तक्रारी, खातेदारांची संमती घेऊन आणि त्यांची नावे वगळून, मी आपल्या अधिकाऱ्यांना दाखवायला तयार आहे. बोलावल्यास मुंबईला येईन. उत्तर मात्र मराठीत पाठवावे, कारण ते संघाच्या फलकावर लावायचे आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त सहकारी बँक अधिकारी
सांगली जिल्हा